खापरावरचं रडणं

त्या रविवारी लाइट जावी असं मला मनापासून वाटत होतं. मी देव मानत नाही, नाहीतर नवसच बोलले असते. आणि असं वाटणारी मी कोण, तर लाइट जाते म्हणून जळगावभर पत्रकं वाटणारी. ‘वीज दीपनगरला तयार होते आणि अंधार आमच्या गल्लीत येतो’ हे वाक्य माझं. ते मी स्टेन्सिलवर स्वतः कोरलं होतं आणि विजेच्या ऑफिसच्या पायऱ्यांवर उभी राहून ओरडूनही म्हटलं होतं. आता तीच मी सकाळपासून पंख्याकडे बघत होते, की बाबा आता तरी थांब.

कारण सांगते. टीव्हीवर देशभरची गाण्याची स्पर्धा चालू होती. हजारो लोकांतून सहाजण उरले होते आणि त्या सहांत माझी वहिनी होती. माहेर धुळ्याचं, आमच्याकडे येऊन तीन वर्षं झालेली, शाळेच्या गॅदरिंगपलीकडे कधी माइक न धरलेली. जळगावची फेरी तिनं माझ्या आग्रहावरून दिली, पुढच्या सगळ्या स्वतःच्या गळ्यावर काढल्या. आता मुंबईला सहाजणांची फेरी व्हायची होती. त्यातले तिघं पुढे जाणार. आणि त्या फेरीआधी, रविवारी सकाळी, सहाही स्पर्धकांची ओळख करून देणारा कार्यक्रम लागणार होता.

वडील गेल्यापासून घरात आईचा शब्द शेवटचा. आईनं आत्तापर्यंत कशालाच नाही म्हटलं नव्हतं, पण हो सुद्धा म्हटलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली होती, “आधी ते लोक आपल्या घराचं काय दाखवतात ते बघू. मग जायचं का नाही ते ठरवू.”

म्हणजे वहिनीचं मुंबईला जाणं त्या रविवारच्या कार्यक्रमावर टांगलेलं होतं. आणि त्यात काय दाखवणार हे घरात फक्त मला माहीत होतं. मला आणि वहिनीला.

टीव्हीवाले येऊन गेले त्याची गोष्ट आधी सांगायला हवी. चौघंजण गाडी घेऊन आले. त्यांच्या साहेबानं दारातच विचारलं, “केले का बाग किधर है?” मी म्हटलं, आमच्याकडे केळीचं एक खोडसुद्धा नाही, माझे वडील एसटीत कंट्रोलर होते. त्याला ते पटलंच नाही. जळगाव म्हणजे केळी, हे तो मुंबईहून ठरवूनच आला होता. शेवटी आसोद्याच्या रस्त्यावर कुणाच्या तरी बागेत वहिनीला नेलं, नऊवारी नेसवली, जी तिनं लग्नातही नेसली नव्हती, आणि केळीच्या घडावर हात ठेवून हसायला लावलं. मी भांडले. त्याला सरळ म्हटलं, तुम्हाला गाणारं माणूस दाखवायचंय का जिल्हा दाखवायचाय? तो हसला आणि म्हणाला, “मॅडम, आप भी बहुत अच्छा बोलती हैं.” असल्या लोकांशी भांडताही येत नाही.

मग त्याला स्वयंपाक हवा झाला. काहीतरी ‘इथलं’ हवं. आई उत्साहात म्हणाली, सुनेचे मांडे दाखवा, असे मांडे अख्ख्या गल्लीत कुणाला येत नाहीत. हे खरं होतं. मागच्या परसात चूल पेटवली, तिच्यावर खापर पालथं घातलं. आवाज नको म्हणून जमलेल्या शेजाऱ्यांना पुढच्या दाराशी पिटाळलं, आई टीव्हीवाल्यांच्या चहाकडे गेली. मी थर्माकोलचा पांढरा तक्ता धरून उभी होते, उजेड वहिनीच्या तोंडावर पाडायला, म्हणून तेवढी मी राहिले.

वहिनी पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झुलवत, कोपरापर्यंत मोठा करत होती. साहेबानं विचारलं, गाना किससे सीखा?

“फुईसे,” वहिनी म्हणाली. फुई म्हणजे आत्या, बापाची बहीण.

“वो क्या गाती थी?”

वहिनीनं मांडा अलगद खापरावर टाकला. त्याच्याकडे बघत राहिली. आणि मग तिच्या गळ्यातून जे निघालं ते ऐकून मी तक्ता खाली घेतला.

तुन्हा वट्टा सुना पडना वं माय,
आते कोन बठी...

तुझा ओटा ओस पडला गं माय, आता तिथं कोण बसेल. हे गाणं नव्हतं. हे मयतीचं रडणं होतं. आमच्या खान्देशात बाया मयताजवळ बसून सुरात रडतात. गेलेल्या माणसाचं घर, त्याची गुरं, त्याचा स्वभाव, सगळं एकेका ओळीत गुंफत जातात. एखादीचा हात त्यात असा बसलेला असतो की लांबच्या गल्लीतून तिला बोलावणं येतं. वहिनीची फुई तशी होती. पांझरेकाठच्या त्यांच्या भागात कुणी गेलं की आधी तिला सांगावा जायचा. आणि लहानपणी वहिनी तिच्या पदराला धरून प्रत्येक मयतीला जाऊन बसायची. तिचं गाण्याचं शिक्षण काय ते एवढंच.

पण हे रडणं जित्या घरात म्हणायचं नसतं. गमतीत नाही, नक्कल म्हणून नाही, गुणगुणायचंसुद्धा नाही. ज्या घरात त्या वेळी मयत नाही तिथं ते म्हटलं तर ते कुणाला तरी बोलावून आणतं, असं मानतात. मी मानत नाही. पण आई मानते. आणि आईच्या घरात, आईच्या चुलीवर, आईचा मुलगा धडधाकट असताना तिच्या सुनेनं ते कॅमेऱ्यासमोर म्हटलं होतं.

“मस्त! वंडरफुल!” साहेब ओरडला. मांडा खापरावर करपला.

गाडी गेल्यावर मी वहिनीला गाठलं. “वहिनी, हे काय केलंत?”

तिचा चेहरा पिठासारखा झाला होता. “काय करू ताई,” ती म्हणाली, “निंघी गयं.” निघून गेलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. त्यात मी आणखी एक करून बसले होते. टीव्हीवाले यायच्याही आधी मी पत्रक काढलं होतं, ‘ओळख सहा स्पर्धकांची’. निवडणुकीतल्या उमेदवारांची काढतो तसंच. कलकत्त्याचा मुलगा: घरात तीन पिढ्यांचं गाणं, त्यामुळे हरण्याची सवय नाही, हीच त्याची कमजोरी. लखनौची मुलगी: गोड, फारच गोड. हैदराबादचा पोलीस शिपाई: आवाज मोठा, उच्चार त्याहून मोठे. चंदीगडचा डॉक्टरकीचा विद्यार्थी: दिसतो चांगला, परीक्षक गाण्याकडे बघतील अशी आशा. मुंबईची शाळकरी मुलगी: हिच्यापासून सावध. आणि सहावी आपली. आणि खाली ठळक: ‘जळगावकरांनो, रविवारी सकाळी टीव्हीसमोर बसा. आपल्या लेकीला बघा.’ ते मी बसस्टँडवर, नवीपेठेत, कॉलेजच्या गेटवर वाटलं होतं. गावाला मीच आवतण देऊन ठेवलं होतं.

मी एसटीडी बूथवर जाऊन मुंबईला फोन लावला. कितीतरी हात बदलल्यावर तो साहेब भेटला. मी म्हटलं, वो खापरवाली दो लाइनें काट दीजिए. तो म्हणाला, “मॅडम, वही तो सबसे अच्छी चीज़ है. आप लोग शरमाते क्यों हैं?”

शरमाते! मला त्याला सांगायचं होतं की बाबा, ही शरम नाही. पण काय आहे ते हिंदीत सांगता येईना, आणि मीटर पळत होता. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी काहीतरी कापून टाका म्हणून विनवत होते आणि तो मला अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य समजावत होता. फोन आपटून मी बाहेर आले.

दादाला सांगावं म्हटलं तर तो आईचाच. तरी आडून विचारलं. दादा दीपनगरला नोकरीला, रोज पॅसेंजरनं भुसावळ गाठून पुढे बसनं जायचा. मी म्हटलं, “दादा, तुमच्या प्लँटमधून रविवारी एक तासभर जळगावची लाइट घालवता येईल का?”

तो जेवता जेवता थांबला. “तू? तू विचारतेस हे?”

“सहज.”

“मी राख वाहून नेणाऱ्या पाइपांवर आहे. माझ्या हातात राख आहे. ती घालवायची का?” आणि आईकडे वळून, “आई, हिला ताप बघ.”

रविवार आला. लाइट होती. आमच्या पुढच्या खोलीत माणूस माणसाला चिकटून बसलं होतं, खिडकीच्या गजांना लोक लटकले होते. समोरच्या अक्का सगळ्यांत पुढे, चष्मा पदरानं पुसत. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात अर्धी आत, अर्धी बाहेर. दादा ड्यूटीवर. मी टीव्हीच्या बटनापाशी. गरज पडली तर बंद करायला. काय सांगणार होते, ते मलाही ठाऊक नव्हतं.

कलकत्त्याचा मुलगा ट्राममधून उतरला. लखनौची मुलगी बुरूज बघत उभी. हैदराबादचा पोलीस बायकोला बिर्याणी वाढत होता.

“हा बरा दिसतो,” अक्का म्हणाल्या.

“गातो वाईट,” मी म्हटलं.

“तू लिहिलंय ते पत्रकात. घरी दोनदा वाचून दाखवलं माझ्या नातवानं. तुला कुणाचंच चांगलं दिसत नाही का गं?”

लोक हसले. मी हसू शकले नाही. चंदीगडचा डॉक्टर पांढऱ्या कोटात तान घेत होता. मुंबईची मुलगी समुद्रावर. आणि मग केळीची बाग.

खोलीत टाळ्या पडल्या. “ही बाग कोणाची?” “आपल्याकडची नाही.” “नऊवारी कुणाची गं?” आई खूश झालेली दिसली. माझं बोट बटनावर होतं. बागेतून चित्र थेट आमच्या परसात आलं, धूर, खापर, वहिनीचे हात. गाना किससे सीखा. फुईसे. मांडा खापरावर पडला.

मी बटन दाबलं नाही. का, ते नीट सांगता येत नाही. वहिनीनं दारातून माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. नको.

तुन्हा वट्टा सुना पडना वं माय...

अक्कांनी दोन्ही हात कानांवर नेले. “अगं बाई! जित्या घरात! चुलीवर!” मागून कुणीतरी, “कुणाच्या नावानं म्हणतेय ही?” कुणीतरी, “दादा कुठंय? दादाला बोलवा.” जणू दादा राखेच्या पाइपासकट आत्ताच गेला. कार्यक्रम पुढे चालूच होता, ओळखी संपून जाहिरात लागली, साबण की काय. आईनं उठून टीव्ही बंद केला.

“जा आता सगळे,” ती म्हणाली. “झालं बघून.”

लोक गेले. अक्का मात्र दारात रेंगाळल्या. आईनं त्यांच्याकडे बघितलं, मग त्याही गेल्या. मी तयारीत होते. भाषणच तयार होतं माझं. अंधश्रद्धा, बाईचं गाणं, घरातल्या सुनेचा गळा कुणाच्या मालकीचा, सगळं. मी तोंड उघडलं.

“तू गप,” आई म्हणाली. मग वहिनीला, “इकडे ये. कुणासाठी म्हणत होतीस?”

वहिनी खालीच बसली. “फुईसाठी.”

आता हे मला माहीत होतं आणि माहीत नव्हतंही. फुई आदल्या वर्षी गेली होती. सकाळी शेजारच्या फोनवर धुळ्याहून निरोप आला, आणि त्याच दुपारी मला बघायला लोक येणार होते. मांड्याचं जेवण ठरलेलं, आणि मांडे फक्त वहिनीला येत. आई म्हणाली होती, आत्या म्हणजे काही सख्खी आई नाही, दहाव्याला जाऊन ये. वहिनी खापरासमोर उभी राहिली आणि पंधरा माणसांचे मांडे तिनं केले. डोळे लाल दिसू नयेत म्हणून पाहुण्यांसमोर आली नाही. मला तर तो मुलगा नकोच होता, मी त्याला हुंड्याबद्दल विचारून घालवला. मग दहाव्याला एसटी बंद होती. त्या बंदच्या बाजूची पत्रकं डेपोसमोर मीच वाटत होते. मग राहिलंच. त्यानंतर खापर चुलीवर चढलं ते थेट टीव्हीवाले आले तेव्हा.

मला वाटलं, संपलं. मुंबई संपली.

“रडणं राहिलं ना,” आई म्हणाली, “की ते असं कुठंही निघतं. परवा खापरावर निघालं. उद्या तिथं पेटीवाल्यांसमोर निघेल, तेव्हा काय करशील?” ती वहिनीसमोर येऊन बसली. “मुंबईला जायचं ना? आधी धुळ्याला जाऊ. त्या दारात रडून घे. मग जा कुठं जायचं तिथं.”

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण अर्धा क्षण. मग लक्षात आलं. “आई, अगं फेरी दोन दिवसांवर आहे! तिथं गळा काढून रडली तर आवाज बसेल तिचा. जायचं काय मग तिथं, खुणा करायला?”

“बसला तर बसला.”

“परत आल्यावर जाऊ ना धुळ्याला. कुठं पळून चाललंय धुळं?”

“मी पण तसंच म्हटलं होतं,” आई म्हणाली. “नंतर जा म्हणून.”

मी वहिनीकडे वळले. म्हटलं, तुम्ही सांगा, गळा तुमचा आहे. मला वाटलं होतं ती माझ्या बाजूनं बोलेल. मी तिच्यासाठी एवढी धावले होते.

“धुळ्याला जाऊ,” वहिनी म्हणाली.

मुंबईच्या गाडीचं रिझर्व्हेशन रद्द केलं. एरंडोल, पारोळा करत आम्ही तिघी एसटीनं निघालो. माझ्या मांडीवर गरम पाण्याचा थर्मास, पिशवीत ज्येष्ठमध, खडीसाखर, लवंगा. वाटेत मी वहिनीला बोलूच देत नव्हते. तिनं पाणी मागितलं तरी मी म्हणायचे, हातानं दाखवा. आई खिडकीतून बाहेर बघत होती. मला तिचा राग आला होता आणि वहिनीचाही. आणि त्या साहेबाचा तर होताच.

गल्लीच्या तोंडाशी वहिनीनं डोक्यावरून पदर घेतला. फुईच्या दाराशी वहिनीची भावजय सूप घेऊन बसली होती. तिनं आम्हाला बघितलं, सूप बाजूला ठेवलं आणि काही न विचारता तीही डोक्यावरून पदर घेऊन उभी राहिली. वहिनीनं ओट्याला हात लावला. आणि तिथून सुरू झालं.

दोन ओळी मी ऐकल्या होत्या. त्या दोन ओळींच्या पुढे केवढं होतं! फुईचा ओटा, फुईचा अडकित्ता, फुईचं दुसऱ्यांच्या मयतीला उन्हातून चालत जाणं. सगळ्या गावासाठी तू रडलीस, तुझ्यासाठी तुझी पोर आली नाही. आजूबाजूच्या घरांतून बाया येऊन बसत गेल्या. आवाज वर चढत होता आणि मी थर्मास धरून उभी होते, प्रत्येक ओळीला मला वाटायचं, हा फाटला. आत्ता फाटला. मग खरोखरच तो कडेला थोडा फाटला. मला रडू आलं, ते फुईसाठी नव्हतं हे मला माहीत होतं.

तेवढ्यात दुसरा आवाज लागला. जाडा, बेसूर, मध्येच अडकणारा. मी वळून बघितलं. आई वहिनीच्या गळ्यात हात टाकून बसली होती.

तुनी पोरले मी धाडी नही वं माय,
मांडासकरता ठेयी लिधी...

तुझ्या पोरीला मी पाठवलं नाही, मांड्यांसाठी ठेवून घेतलं. आई घरात कधी कुणाला चुकले म्हणाली नव्हती, नंतरही म्हणाली नाही. तिथं म्हणाली, अनोळखी बायांच्या समोर, त्या सुरात. वहिनीनं आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि पुढची ओळ उचलली. मी थर्मास ओट्यावर ठेवला.

रात्री आम्ही तिथंच राहिलो. सकाळी आई जळगावला परतली आणि मी वहिनीला घेऊन मुंबईच्या गाडीत बसले. मालेगाव येईपर्यंत ती झोपली होती. नाशिकला चहा घेताना मी विचारलं, “आहे का?” तिनं घसा खाकरला. खरखर आली. “आहे,” ती म्हणाली. आवाज तिच्या आवाजासारखा नव्हता. स्टुडिओत शिरताना मी पुन्हा विचारलं. “ताई,” वहिनी म्हणाली, “आता तुम्ही विचारू नका. जेवढा शे तेवढा मना शे.” जेवढा आहे तेवढा माझा आहे.

ती पट्टी उतरवून गायली. वरच्या जागी आवाज लागला नाही, तिथं तिनं सरळ थांबून घेतलं आणि खालून पुन्हा उचललं. सहांत ती चौथी आली. तिघं पुढे गेले, त्यात चंदीगडचा डॉक्टर होता. मी परतीच्या गाडीतच परीक्षकांविरुद्ध पत्रकाचा मजकूर मनात जुळवायला घेतला. वहिनीनं डबा उघडला आणि म्हणाली, आधी जेवा.

ती फेरी टीव्हीवर आली तेव्हा आमची खोली पुन्हा भरली. गाण्याआधी त्यांनी प्रत्येकाची ओळख पुन्हा दाखवली. बाग, नऊवारी, धूर, खापर. वहिनीचे हात मांडा झुलवत होते. अक्कांनी चष्मा वर केला, हात कानांकडे निघाले. “अगं बाई, पुन्हा तेच...”

“बसा अक्का,” आई म्हणाली. “तिचं रडून झालंय. आता गाणं ऐका.”